सत्त्याण्णव पौंड, बुटांसकट

मार्लिस गुस्टाडचं वजन सत्त्याण्णव पौंड होतं, बुटांसकट. सॉरेल फोर्कमध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण तिनेच ते सांगितलेलं होतं. बायका वजन लपवतात, वय लपवतात. मार्लिसला त्याचा तिटकारा होता. माप ते माप, त्यात लाजायचं काय? बेचाळीस वर्षं ती गावाचं शिलाईकाम करत होती. कुणाची कंबर सुटली, कुणाचा डावा खांदा पडला, कुठल्या नवरीचा झगा लग्नाच्या आदल्या आठवड्यात पुढून सैल करावा लागला, सगळं तिच्या डोक्यात होतं आणि डोक्यातच राहिलं. कागदावर तिने कधी काही लिहिलं नाही. माणूस दारातून आत येईपर्यंत तिचं मोजून झालेलं असे. टेप ती फक्त गिऱ्हाइकाचं समाधान म्हणून गळ्यात घालायची.

अशा बाईने आयुष्यात एकच माप खोटं ठेवलं, आणि तेही स्वतःच्या नवऱ्याचं.

व्हर्लिन गुस्टाडने चौतीस वर्षं कौंटीच्या कच्च्या रस्त्यांवर माती सपाट करणारा ग्रेडर चालवला. त्या यंत्राच्या सीटवर चौतीस वर्षं आदळून माणसाच्या मणक्यांचं जे होतं ते त्याचं झालं. पाय होते तेवढेच राहिले. धड मात्र वापरातल्या बटाट्याच्या पोत्यासारखं बसत गेलं. मार्लिसच्या हे पहिल्यांदा लक्षात आलं ते डांगरीमुळे. व्हर्लिन बारा महिने तेरा काळ खांद्यावरून पट्टे येणारी निळी डांगरी घालायचा, आणि एका ऑक्टोबरात त्या डांगरीचं बूड मांड्यांमध्ये लोंबायला लागलं. दुसरी कुठली बायको असती तर सरळ म्हणाली असती, म्हाताऱ्या, आखडलास. मार्लिसही तेच म्हणणार होती. पण नेमका तेव्हा व्हर्लिन आरशासमोर छाती काढून उभा होता.

"बघ. सहा फूट एक इंच," तो म्हणाला. "आमचा बाप या वयात कोयत्यासारखा वाकला होता. आणि मी बघ!"

मार्लिसने बघितलं. मग डांगरी धुवायला म्हणून मागून घेतली, पाठीवर पट्टे जिथे एकमेकांवरून जातात तिथे आतून चिमूट घेतली आणि चार टाके घातले. पुढची लोखंडी कडी होती तिथेच राहिली.

एक खोटं बोललं की त्याला राहायला घर बांधून द्यावं लागतं. पुढच्या वर्षी टोपीचा खिळा त्याच्या हाताला उंच पडायला लागला, म्हणून तिने तो खाली ठोकला. मग आरसा खाली घेतला. पिकअपच्या सीटच्या कव्हरात पातळ उशी शिवली. नवी डांगरी दुकानातून आली की आधी तिच्या मशीनखालून जायची. दवाखान्यातल्या नर्सला तिने लिंबाच्या वड्यांचा डबा दिला, तेव्हापासून नर्स मोजायच्या पट्टीकडे न बघता "सहा-एक" असं ओरडायला लागली. न्हाव्याने खुर्ची दोन पेडल वर ठेवायचं कबूल केलं. पाद्रीबाबांनी प्रवचनाच्या स्टँडची उंची कमी करून घेतली, कारण व्हर्लिन महिन्यातून एकदा तिथे उभा राहून बायबल वाचायचा. बारा वर्षांत व्हर्लिन तीन इंच आखडला आणि सबंध गाव त्याच्याबरोबर हळूहळू खाली सरकलं. कुणी ब्र काढला नाही. सॉरेल फोर्कची माणसं तशी वाईट नाहीत. त्यांना फक्त कुणाच्या तोंडावर काही बोलता येत नाही.

मग जूनमध्ये पत्र आलं.

तेहतीस वर्षं व्हर्लिन डोंगरी मेंढ्याच्या शिकारीच्या परवान्यासाठी अर्ज करत होता. सोडत असते, हा परवाना लागायचाच झाला तर जन्मात एकदा. कित्येक जण अर्ज करता करता मरतात आणि पुढच्या वर्षीचाही अर्ज भरून मरतात. व्हर्लिनचं नाव लागलं. बातमी फुटली तशी शेजारणी भाजलेल्या मॅकरोनीची झाकलेली भांडी घेऊन दारात यायला लागल्या. मयत झालं की हेच आणतात. एवढी मोठी गोष्ट झाल्यावर दुसरं काय न्यायचं असतं हे कुणाला माहीतच नव्हतं.

मार्लिसने अकरा भांडी फ्रीजरमध्ये रचली आणि तिला खरंच एक मयत आठवलं. तीन वर्षांपूर्वी व्हर्लिनचा जोडीदार ओडेल ब्राटेन परवान्यातल्या याच डोंगरात हरणाच्या शिकारीला गेला होता. सातव्या दिवशी तो घोड्याच्या पाठीवरून आडवा परत आला. सापडला तेव्हा एका ओंडक्याला टेकून बसलेला होता, मांसाचं ओझं पाठीवर तसंच. पट्टासुद्धा सोडलेला नव्हता. तिथून पुढे व्हर्लिनला सोबतीला कुणी उरलं नव्हतं. म्हणजे तो एकटा जाणार. रस्ता संपतो तिथून पुढे दोन दिवस चालत, मेंढा मारायचा, आणि मग सगळं मांस पाठीवरून खाली आणायचं. मांस वर टाकून येणं हा कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी व्हर्लिनने ते टाकलं नसतं.

व्हर्लिनची जुनी सॅक गोठ्यात टांगलेली होती. तिचे पट्टे साळिंदराने खाल्ले होते. चाळीस वर्षांच्या घामाचं मीठ, साळिंदराला मेजवानीच. तेव्हा नवी सॅक घ्यायची ठरली, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दोघं ट्वायला रेडमेकरच्या शिकारीच्या सामानाच्या दुकानात गेली.

ट्वायला आठच वर्षांपूर्वी आयडाहोतून आली होती. गावाचं गुपित तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला ती कुणाचं ऐकून घेईल तर ना.

"धड किती?" तिने विचारलं.

"काय किती?"

"धड, धड! मान खाली घातली की मागे जे हाड वर येतं, तिथपासून कमरेच्या हाडापर्यंत. उंची नकोय मला. सॅक उंचीवर बसत नाही, धडावर बसते. पाच फुटी बाईला मोठी सॅक लागते आणि ताडमाड बाप्याला मधली. वळ, मोजते."

"एकवीस इंच," व्हर्लिन म्हणाला. "ही कडी बघ. तीस वर्षांत जागची हललेली नाही. प्रत्येक डांगरीच्या पट्ट्यावर याच ठिकाणी खूण पडते."

"कडीला सॅक घालायची नाहीये. वळ."

"मला माझ्या बायकोशिवाय कुणी मोजत नाही."

"मग मोजू दे तिला! बाई, तुमचं तर नाव आहे या कामात. सांगा, किती?"

मार्लिसला टेप काढायची गरज नव्हती. अठरा, आणि तेही एक दोरा कमीच. ती व्हर्लिनकडे बघत राहिली. व्हर्लिन ताठ उभा होता, म्हणजे त्याच्या मते ताठ.

"एकवीस," ती म्हणाली.

अर्धं हे सवयीने. उरलेलं अर्धं तिचं तिलाच आवडलं नाही. सॅक मापात नसली, तर त्याची रग घरच्या घरीच जिरेल आणि तो डोंगराचं नाव काढणार नाही, असं तिच्या मनात आलं. बेचाळीस वर्षांत तिने कुणाला जाणूनबुजून चुकीचं बसणारं काही दिलं नव्हतं. हे पहिलंच.

ट्वायलाने मोठी सॅक काढली. फ्रेमवरच्या खांद्याच्या पट्ट्यांना शिडीसारख्या पायऱ्या होत्या. तिने ते एकवीसच्या पायरीवर अडकवले. मग कमरेचा पट्टा आवळताना ती पुटपुटली, "हाडावर बसत नाहीये."

"नवी आहे. बसेल," व्हर्लिन म्हणाला.

"सॅक म्हणजे बूट नव्हे, वापरून सैल व्हायला. ऐक. सगळं वजन कमरेवर. खांद्यांनी फक्त तोल सांभाळायचा. इथे फ्रेम आणि पिशवीच्या मध्ये ही जागा आहे ना, ती मांसाची. मांस पाठीला चिकटून, तंबू-बिंबू त्याच्या मागे. आता वाळूची पोती भरते, दुकानात चार फेऱ्या मार."

"वाळू नको. वाळू मेल्यासारखी पडून राहते. मांस हलतं."

"मग घरी जाऊन मांस घाल. तीस दिवसांत परत आणलीस तर घेईन. पण रक्ताचा एक डाग दिसला की सॅक तुझी."

व्हर्लिन विचारात पडला. मांस तर हवं, पण रक्त नको. "मेंढ्याचं किती भरेल?" त्याने विचारलं. "हाडं काढून, मुंडकं शिंगांसकट?"

"शंभराच्या आतबाहेर."

व्हर्लिन सावकाश वळला आणि त्याने बायकोकडे बघितलं. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली होती, पण अशा नजरेने त्याने तिच्याकडे कधी बघितलं नव्हतं.

"मनातसुद्धा आणू नकोस," मार्लिस म्हणाली.

"हलणारं मांस," तो म्हणाला. "रक्त न सांडणारं. वजन पक्कं माहीत असलेलं."

"मी काय मेंढा आहे?"

"मेंढ्याला शिंगं असतात," ट्वायला म्हणाली. "बाकी हिशेब बरोबर आहे."

मार्लिसने कबूल केलं, पण एका अटीवर. तिला पाठीवर घेऊन त्याने गावामागच्या पाण्याच्या टाकीची टेकडी चढायची. पार माथ्यापर्यंत, सॅक एकदाही न उतरवता. जमलं तर खुशाल डोंगरात जा. नाही जमलं तर घरी बसून अकरा भांडी मॅकरोनी संपव.

"लाव पैज," व्हर्लिन म्हणाला.

सराव दुसऱ्याच दिवशी सुरू झाला. मार्लिस फ्रेम आणि पिशवीच्या मधल्या जागेत बसायची, पाठीला पाठ लावून, तोंड मागे. पाय बाहेर, गुडघ्यांवर शिवणकाम. व्हर्लिन तिला घेऊन पोस्टात गेला. पोस्टमास्तर रोल्फने चष्मा वर केला.

"हे आलेलं पार्सल आहे की परत पाठवायचंय?"

"परत कोण घेणार?" व्हर्लिन म्हणाला.

"रोल्फ, मला ऐकू येतं," मार्लिस मागून म्हणाली. "आणि तुझ्या पँटची शिवण उसवलीय. उद्या आणून टाक."

"तुझं तोंड तर तिकडे आहे!"

"आत येताना बघितली."

रांगेत व्हर्लिन पुढच्या माणसाशी बोलायचा आणि मार्लिस मागच्या. दोघांनी वेगवेगळ्या बातम्या गोळा करून घरी आणायच्या. चर्चमध्ये तो शेवटच्या बाकामागे उभा राहिला. मार्लिसला पाद्री दिसत नव्हते, फक्त दरवाजा. त्यामुळे प्रवचन चालू असताना कोण कोण सटकलं याची यादी तिने नंतर पाद्रीबाबांना दिली. त्यांनी ती घडी घालून खिशात ठेवली. कॅफेमध्ये व्हर्लिन खांद्यावरून तिला चमच्याने हकलबेरीचं आइस्क्रीम द्यायचा आणि प्रत्येक चमच्याला म्हणायचा, "हे तुझ्या वजनात धरणार हां मी." गावातल्या चार बायकांनी आपापल्या नवऱ्यांना विचारलं, तुला जमेल का रे? त्यातले दोघे कंबर धरून दवाखान्यात गेले आणि तिसरा आठवडाभर बायकोशी बोलला नाही, कारण त्याने तिचं वजन मोठ्याने वाचलं होतं.

मार्लिसला मजा वाटत होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कान कुठे बंद करता येतात? तिच्या पाठीमागे एकेक पट्टा कुरकुरत होता. कमरेचा पट्टा दर शंभर पावलांवर हाडावरून घसरून मांडीकडे जायचा, की सगळं वजन खांद्यांवर लटकायचं. खांद्यांच्या पट्ट्यांमध्ये आणि खांद्यांमध्ये चार बोटं जायची इतकी पोकळी. वजन पुढे धरून ठेवायला काहीच नाही, त्यामुळे ओझं त्याला मागे ओढत राहायचं. रात्री ती त्याच्या खांद्यांना मलम लावायची. काळेनिळे वळ पडले होते.

"दुखतंय?"

"छे. नवी आहे, बसेल."

कुणाचा कोट बगलेत ओढला तर मार्लिसला रस्त्यात थांबून तो उतरवून घ्यावासा वाटायचा. आणि इथे ती स्वतः त्या ओढणाऱ्या कापडात बसून फिरत होती. पण ती गप्प बसली. दुखू दे, म्हणजे जाणार नाही. दुखू दे.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी ते टेकडीला लागले. लांबच्या वणव्यांचा धूर हवेत होता. साक्षीदार म्हणून रोल्फ घडीची खुर्ची आणि थर्मास घेऊन निघाला. तो थोडं चालायचा, खुर्ची मांडायचा, बसायचा, मग पुन्हा चालायचा. व्हर्लिन निम्म्यापर्यंत बरा गेला. नंतर त्याची पावलं आखूड झाली. दोन तृतीयांश चढ संपल्यावर एक सपाट, बुटका दगड आला आणि व्हर्लिन म्हणाला, "जरा दम खातो," आणि बसला.

घात तिथे झाला. ज्याने मांस वाहिलंय त्याला कळतं की ओझं पाठीवर असताना बुटक्या जागी बसायचं नसतं. उभ्याउभ्याच ओंडक्याला टेकायचं. हे व्हर्लिननेच गावातल्या निम्म्या पोरांना शिकवलं होतं. पण खांदे बधिर झाले की डोकंही फार मागे राहत नाही. मार्लिसचं वजन दगडावर टेकलं, त्याचे पाय पुढे पसरले. पाच मिनिटांनी तो उठायला गेला. ओझ्याने त्याला मागे खेचलं आणि त्याचेच बूट हवेत गेले. पुन्हा गेला, पुन्हा बूट वर. तिसऱ्या वेळी तर दोघंही दगडावरून पलीकडे कलंडायचीच बाकी राहिली.

"पट्टा सोड," मार्लिस म्हणाली.

"सोडला तर?"

"तर मॅकरोनी."

"मग नाही सोडत."

रोल्फ येऊन पोचला. "हात देऊ का?"

"वर डोंगरात तू असणार आहेस का हात द्यायला?"

"मला कुठे परवाना लागलाय?" रोल्फने खुर्ची मांडली, सँडविच खाल्लं, कॉफी संपवली आणि दुपारची टपाल गाडी यायची वेळ झाली म्हणून खुर्ची उचलून खाली निघून गेला.

दोघं पाठीला पाठ लावून बसून राहिली. व्हर्लिनसमोर डोंगर होता, मार्लिससमोर गाव.

"काय चाललंय खाली?" बऱ्याच वेळाने व्हर्लिनने विचारलं.

"बँकेसमोर कुणीतरी गाडी आडवी लावलीय."

"काय एकेक माणसं असतात. कुणाची आहे?"

"आपलीच."

एक तास गेला. दुसरा गेला. ऊन मार्लिसच्या गुडघ्यांवरून उतरून बुटांवर आलं. तिला पाठीतून त्याचा श्वास लागत होता. तो दमलेल्या माणसाचा नव्हता. संथ, खोल, ग्रेडरच्या इंजिनासारखा. माणूस ठणठणीत होता. बिघडलं होतं ते त्याच्या अंगावरचं कापड.

"मी अंधार पडेपर्यंत बसेन," व्हर्लिन म्हणाला. "उद्या सकाळपर्यंतही बसेन. पट्टा सोडणार नाही."

तो बढाई मारत नव्हता. साधी माहिती देत होता. आणि ते ऐकून मार्लिसला आपली चूक इतकी लख्ख दिसली की तिला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. घरामागच्या टेकडीवर, बायको शिव्या घालत असताना जो पट्टा सोडत नाही, तो वर एकटा असताना सोडेल? खांदे दुखले म्हणून तो घरी राहणार नव्हता. तो दुखऱ्या खांद्यांनी जाणार होता, आणि मग असाच कुठेतरी बुटक्या दगडावर बसणार होता. एकवीस म्हणून तिने त्याला वाचवलं नव्हतं. तिने त्याला ओडेलच्या शेजारी जागा धरून दिली होती.

"व्हर्लिन, तू एकवीस नाहीस," ती म्हणाली.

"काय एकवीस?"

"इंच. अठरा आहेस तू."

"ही कडी..."

"कडी हलली नाही. मागे टाके आहेत. बारा वर्षांचे."

व्हर्लिनने अंगठ्याने कडी चाचपली.

"टोपीचा खिळा?" व्हर्लिनने विचारलं.

"चारदा."

"आरसा?"

"तीनदा. पिकअपच्या कव्हरात उशी आहे."

"दवाखान्यात सहा-एक निघाले होते."

"लिंबाच्या वड्या निघाल्या होत्या."

तिला त्याचं तोंड दिसत नव्हतं. सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच तिला त्याचं तोंड बघायची गरज होती, आणि नेमकी ती उलटी बसली होती.

"म्हणजे रोल्फ वाढत नाहीये?" तो म्हणाला.

"काय?"

"रोल्फ. मला वाटलं, वाढतोय. पासष्टीत. डोक्यात गाठ-बिठ झाली की होतं म्हणे असं. मी काही बोललो नाही. म्हटलं, बिचाऱ्याला आधीच काळजी असेल. आणि पाद्री तर भयंकरच वाढला. दोन वर्षं मी त्या दोघांसाठी रोज प्रार्थना करतोय."

मार्लिसला हसू आवरेना. सत्त्याण्णव पौंड गदागदा हलायला लागले तशी सॅक करकरली.

"हलू नकोस, पडू आपण!"

"चिडलायस?" तिने डोळे पुसत विचारलं.

"चिडायला आधी उठायला हवं."

"मग उठवते. वजन दगडावर आहे तोवर पट्टे मोकळे आहेत. हात मागे घालतेय. श्वास रोख."

तिने दोन्ही हात डोक्यावरून मागे नेले. बेचाळीस वर्षं तिने काळोखात, आजारपणात, रडणाऱ्या नवरीच्या पाठीशी गुडघे टेकून टाके घातले होते. न बघता कडी चाचपणं म्हणजे काहीच नव्हतं. खांद्यांचे पट्टे तिने शिडीवरून एक पायरी खाली उतरवले. दोन. तिसऱ्याला ती क्षणभर थांबली.

"थांबलीस का?"

"तीन सांगू का दोन?"

"खरं सांग."

"तीन."

"कर मग."

तिने तिसरी पायरी उतरवली. "आता कमरेचा पट्टा वर घे. आणखी वर. ते हाड लागतंय? त्याच्यावर आवळ. आता पोट आत. आणखी आवळ. छातीचा नंतर. आता उजवीकडे कलंड आणि घोडा हो."

"तू पडशील."

"मी शिवल्यासारखी बसलेय. हो घोडा!"

तो गुडघ्यांवर आला. आभाळ मार्लिसच्या समोर आलं. एक पाय पुढे, मांडीवर हात, आणि मग सॉरेल फोर्क, बँक, आडवी लावलेली पिकअप असं सगळं तिच्या डोळ्यांसमोर सरळ उभं राहिलं. तो उठला होता.

"अरे," तो म्हणाला.

"काय झालं?"

"तू हलकी झालीस."

"मी आहे तेवढीच आहे. तू मापात आलास."

तो चालायला लागला. वर. कुरकुर बंद झाली होती. कमरेचा पट्टा हाडावर चिकटून होता. शंभर पावलं झाली, दोनशे झाली, तरी घसरला नाही. मार्लिसला दिसत होतं ते फक्त लहान होत जाणारं गाव. आपण हरतोय, आणि स्वतःच्या हाताने हरतोय, हे तिला दर पावलाला कळत होतं. पण काम नीट बसलं होतं, आणि त्याबद्दल वाईट वाटून घेणं तिला जमेना.

माथ्यावर त्याने टाकीला दोनदा चक्कर मारली. एक पैजेची, एक मिजाशीची.

सोमवारी व्हर्लिन ट्वायलाच्या दुकानात गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मोज." ट्वायलाने मोजलं. "अठराला थोडं कमी," ती म्हणाली. "मी त्याच दिवशी म्हणत होते." तिने मोठी सॅक परत घेऊन तसलीच मधली काढली. दारात जमलेल्या माणसांना मान खाली घालावी की टाळ्या वाजवाव्यात हे कळेना. रोल्फने टोपी काढली. व्हर्लिन त्याच्याजवळ गेला, त्याला नीट खालून वर बघितलं आणि त्याचा हात हातात घेतला.

"तू बरा आहेस हे ऐकून फार बरं वाटलं," तो म्हणाला. रोल्फला त्याचा अर्थ आजही लागलेला नाही.

सप्टेंबरच्या मध्यावर तो गेला. आठ दिवसांचं सामान, आठव्या दिवशी परत. सहाव्या दिवसापासून मार्लिस रस्ता संपतो तिथे पिकअप लावून बसली, मांडीवर कुणाचातरी पडदा. पडद्याला तिने चार बाजूंनी दुमड घातली, मग पाचवी बाजू नाही म्हणून उसवून पुन्हा घातली. सातवा दिवस गेला. आठवा गेला. नवव्या दिवशी दुपारी झाडीतून आधी दोन वळलेली शिंगं दिसली आणि मग त्यांच्या खालचा व्हर्लिन.

तिने शिंगांकडे बघितलं नाही. तोंडाकडेही नंतर बघितलं. आधी कमरेचा पट्टा बघितला. हाडावर होता. मग ती खाली उतरली.

व्हर्लिन पिकअपच्या मागच्या फळीला पाठ लावून उभा राहिला, वजन फळीवर टेकवलं आणि स्वतःच्या हाताने पट्टा सोडला. दाढी वाढली होती, नाकाचं कातडं सोललं होतं.

"किती भरेल?" तिने विचारलं.

"तुझ्यापेक्षा दोन-चार पौंड कमीच."

"बसलं नीट?"

"उत्तम. पाठीला चिकटून. सबंध वाटेत हललं नाही की एक शब्द बोललं नाही."

"मग एक दिवस उशीर कशाने झाला?"

"त्यानेच तर," व्हर्लिन म्हणाला. "मागून कुणी काही सांगेना. तीनदा रस्ता चुकलो."